लपायला मी चोर आहे का?

३ जानेवारी
वेबसाइटचं नाव विकत घेतलं! ‘वाद जिंका’. खास नवऱ्यांसाठी. लग्न झाल्यापासून मी एकही वाद हरलेलो नाही. (काही अर्धवट सोडलेत.) लेखकाचं टोपणनाव: अपराजित. हिला सांगितलेलं नाही. घाबरतो म्हणून नव्हे, योग्य वेळ यायची आहे.

संध्याकाळी
नोंदणीत खरं नाव, घरचा पत्ता, घरचा फोन दिला. शेवटी एक चौकट: पत्ता जगापासून झाकायचा का? कंप्युटरवाल्या मेहुणीला सहज विचारलं, मित्रासाठी म्हणून. म्हणाली, भावोजी, मित्राला सांगा, डोळे मिटून खूण कर. नाहीतर साइटचं नाव टाकून कुणीही पत्ता काढतो. बायकांची जात भित्री. लपायला मी चोर आहे का? खूण केली नाही.

११ जानेवारी
कीर्ती लपत नाही. घरी सहा फोन. सगळे साइटवर फिदा. सगळ्यांना लोगो करून द्यायचाय. हिने विचारलं, कोण हो सारखं? म्हणालो, ऑफिस.

२ फेब्रुवारी
नवा लेख: ‘ती रडली तरी मुद्दा सोडू नका’. मध्येच हिने कपडे वाळत घालायला सांगितले. घातले. तो मुद्दा वेगळा.

१९ फेब्रुवारी, रविवार
बेल वाजली. दारात अनोळखी गृहस्थ, हातात बॅग. अपराजित इथेच राहतात ना? नाही म्हणालो. त्याने मोबाइलवरून माझं पूर्ण नाव वाचलं, मजल्यासकट पत्ता वाचला. ही हात पुसत बाहेर आली. कोण अपराजित? तो म्हणाला, माझे गुरू! त्यांच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा बायकोशी वाद जिंकलो. मग तिने घराबाहेर काढलं.
मी बाथरूममध्ये गेलो. बाहेर आलो तर दोघं चहा पीत होती आणि ही माझे लेख मोठ्याने वाचत होती. माझ्या आवाजात.

नंतर
चौकटीत खूण केली. मेहुणी म्हणाली, बैल गेला नि झोपा केला. जुन्या माहितीच्या नकला कुठे कुठे राहतातच. मित्राला सांगा. हसत होती.

२० फेब्रुवारी
शिष्य हॉलमध्येच झोपला. सकाळी हिने त्याला विचारलं, भांडण कशावरून? खिडकी उघडी ठेवायची की बंद. मग काय ठरलं? बंद, मी जिंकलो. आणि आता झोपता कुठे? त्याने चादरीची घडी घालायला घेतली. ही म्हणाली, घरी जा, दार उघडलं की एवढंच म्हणा, तुझं बरोबर होतं, उकडत होतं. गेला. दुपारी फोन आला. घरात घेतलं म्हणे. रडत आभार मानले. हिचे.

२२ फेब्रुवारी
पाच मुद्दे तयार ठेवलेत, पण ही वाद घालतच नाही. एकदाच विचारलं, लेखातली ती ‘हट्टी, बेताच्या बुद्धीची पत्नी’ कोण? म्हणालो, काल्पनिक. ‘बरं’ म्हणाली. तेव्हापासून बोललेली नाही. ‘बरं’ला काय उत्तर द्यायचं यावर माझा लेख नाही. घर फार मोठं वाटतंय.

२५ फेब्रुवारी
शेवटी म्हणालो, तुझं बरोबर होतं. कशाबद्दल? म्हणालो, सगळ्याच. एक सांगा, म्हणाली. बोटांवर मोजायला लागलो. मग तीच म्हणाली, जाऊ द्या, दूध संपलंय. धावत गेलो.

१ मार्च
साइट बंद केली. लोगोवाल्यांचे फोन मात्र येतात. आता हीच घेते. शांतपणे सांगते, इथे अपराजित कुणी राहत नाही.