टाकीवरची पांढरी पट्टी

धार, १२ एप्रिल १९५६

प्रिय शालिग्राम,

अनेक आशीर्वाद. विनोदिनीचं लग्न ठरल्याचं तुझं पत्र मिळालं. काल-परवा माझ्या मांडीवर लोळणारी पोर आता बागलीला नांदायला जाणार. आनंद झाला, खरंच झाला. येते की नाही ते लगेच कळव, असं तू लिहिलंस, तरी मी उत्तराला वेळ लावला.

माझं इथे बरं चाललंय. मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. पोरी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात आणि आता मीही तशीच बोलते. मागच्या महिन्यात त्यांना मांडूला नेलं. तिथल्या फोटोवाल्याने सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं. मी सवयीने उठून बाजूला झाले, तर पोरींनी पदराला धरून मला मधोमध बसवलं. तेव्हा मला तो स्टोव्ह आठवला.

तुला आठवतो ना? संस्थान विलीन झालं, सरदार मंडळी फेटे बांधून फोटोला येईनाशी झाली आणि देवासचा तुझा स्टुडिओ ओस पडला. तेवढ्यात इंदूरचा एक कारखानदार जाहिरातीसाठी नवा पितळी स्टोव्ह घेऊन आला. तो मीच चिंच लावून लख्ख घासला आणि तिथेच पंचाईत झाली. टाकीत अख्खा स्टुडिओ दिसायला लागला: बल्ब, खिडकी, काळ्या कापडात डोकं खुपसलेला तू. तू चिडून टाकीला ताक फासलंस, तर ती मडक्यासारखी दिसायला लागली. मी ते पुसून काढलं आणि बाजूला झाले, तेव्हा माझ्या पांढऱ्या लुगड्याचा उजेड टाकीवर पडला. वरपासून खालपर्यंत एक मऊ, सरळ पट्टी. तू कापडाखालूनच म्हणालास, "अक्का, हलू नकोस."

मी हलले नाही. नवरा गेल्यावर तुझ्या दारी आलेली बाई मी, हलून जाणार कुठे? त्या दिवसापासून तेच माझं काम झालं. स्टोव्ह, कंदील, तांब्याचा बंब, सगळ्यांच्या शेजारी मी, चौकटीच्या जरा बाहेर. लोक म्हणायचे, याच्या फोटोत भांडंसुद्धा जिवंत वाटतं, आणि तू आपला लेन्सचं कौतुक सांगायचास. पण नवरा-नवरी फोटोला आली की तुझी इंदिरा मला डोळ्यांनीच आत जायला खुणवायची. नवरीपुढे विधवा नको. भांड्यापुढे चालते, भांड्याला कुठला आलाय अपशकुन! मी आत काळोख्या खोलीत फोटोच्या काचा धूत बसायची. तू तिला एका शब्दाने अडवलं नाहीस. मला राग आहे तो तिचा नाही, तुझा आहे. गावभर सगळ्यांचे फोटो काढलेस, माझा एकही काढावासा वाटला नाही तुला. शेवटी मी धारला निघून आले, तेव्हाही तू विचारलंस ते एवढंच, की आता उजेडासाठी भांड्याशेजारी कोण उभं राहणार.

आणि आता तुझं हे पत्र. बागलीकर जुन्या वळणाचे आहेत, म्हणून विधींच्या वेळी अक्काने माडीवर बसावं. सगळं आटोपलं की मात्र खाली यावं, कारण विनोदिनीच्या चेहऱ्यावर तोच मऊ उजेड हवा आणि तो दुसऱ्या कुणाला जमत नाही. सप्तपदी झाली की माझा अपशकुन उतरतो वाटतं? म्हणजे भाचीच्या लग्नातही मी माणूस म्हणून यायचं नाही, लुगडं म्हणून यायचं. तर मी येत नाही. खुंटीला पांढरी चादर बांध, तीही तेवढाच उजेड देईल. विनोदिनीसाठी मी शिवलेली पोलकी पाठवते आहे, आणि सोबत त्या स्टोव्हच्या फोटोची माझ्याजवळची प्रत, चौकटीत बसवून. मुली माहेरच्या माणसांचे फोटो सासरी नेतात, तसा तिने हा न्यावा. टाकीवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेव आणि तिला सांग, ही तुझी आत्या.

तुझीच,
अक्का