सात नंबरची वेळ

३ मे, शनिवार

आली! खोकी आली! दोन रबरी पट्ट्या, प्रत्येकीचं यंत्र, आणि पाठीमागे चिप चिकटवलेले नऊशे छातीवरचे नंबर! इबू म्हणाली, "आधी जेव." आई ती, दुसरं काय म्हणणार! पण जेवतंय कोण?

अठरा तारखेची आमच्या मदिउन शहराची दहा किलोमीटरची शर्यत पहिल्यांदाच चिपवर होणार. आणि वेळ घेणार मी! तीस वर्षं हे काम माझ्या वडिलांनी, बापाकनी, केलं. गळ्यात स्टॉपवॉच, आणि शेवटच्या रेषेवर येईल त्याच्या हातात आकडा लिहिलेली आइसकांडीची काडी. आठ महिन्यांपूर्वी बापाकची डावी बाजू गेली. तेव्हापासून ओसरीतली खुर्ची आणि ते. व्यायाम शिकवायला आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी हाकलून दिलं — "मी पडताना कोणी बघायला नको!" स्टॉपवॉच मात्र अजून गळ्यात. अंघोळीपुरतं काढतात.

समितीचे पाक गुनार्सो तोंडावर म्हणाले, "वेनिंग, एक जरी नोंद खोटी निघाली तर पुढच्या वर्षी काम सुराबायाच्या कंपनीला. बापाचं नाव सांगून चालणार नाही." बघाच तुम्ही!

४ मे, रविवार

दारात पट्टी अंथरली. पायऱ्या काढून उतार केलाय, तिथेच सपाट. एक चिप इबूच्या एप्रनला, एक शेजाऱ्याच्या सायकलला. सात नंबरची बापाकच्या काठीला बांधली. काठी लाकडी आहे ते बरं, धातूवर चिप मुकी होते.

"मला कशाला?" बापाक.

"चाचणीला न हलणारी वस्तू पण लागते. ती वाचली गेली तर समजायचं यंत्र खोटं. आणि या घरात न हलणारं हेच!"

बोलून गेले. इबूने डोळे वटारले. माझी जीभ!

थोड्या वेळाने बापाकनीच विचारलं, "हिच्यात बॅटरी कुठाय?"

नाहीच! हीच तर गंमत! पट्टीतून लहरी निघतात, चिप जवळ आली की त्यांच्यावरच जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. यंत्र नंबरासमोर वेळ लिहितं. आठशे माणसं एकदम सुटली तर मागच्यांना सुरुवातीच्या रेषेपर्यंत यायलाच दोन मिनिटं लागतात — पण चिपचं घड्याळ ज्याचा तो रेषा ओलांडेल तेव्हाच सुरू!

"म्हणजे मागे पडलेल्याचाही हिशेब चोख?"

"अगदी."

"हं," म्हणाले. आणि मग, "माझं घड्याळही कधी चुकलं नाही."

६ मे

बॅटरी किती टिकते बघायला यंत्र दिवसभर चालू ठेवलं. मी साडेसहालाच छापखान्यात, इबू दहापर्यंत बाजारात पेचेल-भात विकते, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि भात. संध्याकाळी यादी बघितली. इबू बरोबर. सायकल बरोबर. आणि सात नंबर — दोनदा!!

काठी खुर्चीला टेकलेली, पट्टीपासून तीन मीटर. लहरी फार लांब जातायत. जोर कमी केला.

७ मे

पुन्हा सात.

८ मे

जोर आणखी कमी केला. इतका, की इबूची चिपही एकदा वाचायची राहिली. सात मात्र हजर! बापाकना विचारलं, "काठी कोणी हलवली का?"

"इथे येतं कोण?" म्हणाले.

९ मे

पट्टी उचलून फाटकात नेली. खुर्चीपासून चांगली दहा-बारा मीटर. आता बघू!

१० मे

फाटकातही सात. एकदाच, पण आलाच. विकणाऱ्याला फोन केला. "ताई, चार मीटरच्या पुढे वाचतच नाही ते. असं होऊच शकत नाही."

होतंय ना पण!

११ मे, रविवार

सगळे घरी. दिवसभर पट्टीकडे बघत बसले. सात नंबर गप्प. मुद्दाम छळतोय मला.

१३ मे

आता दोन्ही पट्ट्या लावल्या, एक दारात, एक फाटकात. दोन्हीवर सात! तारा बदलल्या. जास्तीच्या नंबरांचा गठ्ठा पट्टीशेजारी पडला होता — अगदी नवशिक्याची चूक, त्या सगळ्या चिपा एकदम बडबडतात — तोही उचलून मागच्या खोलीत ठेवला.

संध्याकाळी बापाक रोजच्यासारखे, "काय म्हणतं तुझं यंत्र?"

"खोटं बोलतंय! सात नंबर फिरतोय म्हणे अंगणात!"

ते हसायला लागले. इतके, की ठसका लागला, इबू पाणी घेऊन धावली. माझं काम जायची वेळ आली आणि यांना हसू! जेवलेच नाही.

१५ मे

सात अजून येतोय. यादी बघायचंच सोडलं. साठतेय तशी साठू दे.

१७ मे

काठीवरची चिप कापायला कात्री घेतली. बापाकनी काठी पोटाशी धरली. "राहू दे. तुझी न हलणारी वस्तू आहे ती."

चार तारखेचा टोमणा अजून लक्षात आहे तर! कात्री ठेवून दिली. शर्यतीत सात नंबर कोणालाच दिलेला नाही, तेवढाच आधार. उद्या पहाटे तीनला उठायचंय.

१८ मे, रविवार

जमलं! जमलं! जमलं!

आठशे बारा सुटले, सातशे शहाण्णव परत आले, बाकीच्यांनी वाटेत सोडली. प्रत्येकाची वेळ बरोबर! पट्टीवरून पाय पडतात आणि पडद्यावर नंबर कसे पटापट उमटतात — लाह्या फुटतात तसे! भूतबित काही नाही.

एकच भानगड. तीनशे दहा आणि तीनशे अकरा. सुरुवातीला, पाच किलोमीटरच्या वळणावर, परत सुरुवातीच्याच रेषेवर शेवटी — प्रत्येक पट्टीवर दोघं एकाच क्षणी! इतकं एकत्र कोण धावतं? जाऊन बघितलं तर नवऱ्याने शर्टावर स्वतःचा नंबर लावलेला आणि शर्टाच्या आत बायकोचा! बायको कुठे? इबूच्या पाटीशी, पेचेल खात! पदकाची फार हौस हो तिला. पाक गुनार्सो यंत्रावर उखडले, "हे असं चालतं तुझं?"

"पाक, यंत्र बरोबरच बोललं. चिप कुठे गेली ते ते सांगतं. कोण घेऊन गेलं ते आपण बघायचं."

शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षीही तूच."

घरी येऊन बापाकच्या पाया पडले. त्यांनी उजवा हात डोक्यावर ठेवला. मला रडू आलं, त्यांनाही. म्हटलं, "अंगणात पट्ट्या आता परत कशाला लावू, आवरूनच ठेवते."

"लाव, लाव. चार दिवस राहू दे. कोणाला अडचण होतेय?"

२० मे

छापखान्यात बसल्या बसल्या माझंच परवाचं वाक्य आठवलं — कोण घेऊन गेलं ते आपण बघायचं. घरी येऊन साठलेली यादी उघडली. सात नंबर, आधी दारातली पट्टी, मग फाटकातली. रोज सकाळी, आम्ही दोघी बाहेर पडल्यावर. दारापासून फाटकापर्यंत लागलेली वेळ — १३ मे, अकरा मिनिटं चार सेकंद. १४ला नऊ चाळीस. १६ला सहा पंचवीस. आज तीन बावन्न.

ओसरीत गेले.

"काय म्हणतं तुझं यंत्र?"

"सात नंबर. तीन मिनिटं बावन्न सेकंद. आजवरची सगळ्यात चांगली वेळ."

बापाकनी गळ्यातलं स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. "तीन पन्नास. तुझं यंत्र दोन सेकंद मागे आहे!"