लुनाच्या गाण्यातला श्वास

मलिंगार, आयर्लंड, जून २०२१

प्रिय उल्काताई,

राजीवराव आता ऑक्सिजनशिवाय गच्चीपर्यंत चढून जातात हे परवा तुमच्या मेसेजमधून कळलं आणि मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एकटीच हसले. याच बातमीची मी वाट पाहत होते. तुमच्या घरात ते संकट असताना जे सांगता आलं नाही, ते आता सांगायला हवं. फोनवर सांगायला गेले तर माझं पहिलं वाक्यही पुरं होणार नाही, म्हणून लिहिते आहे. निवांत बसून वाचा.

त्याच मेसेजच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘काहून बोलत नाही हा? अल्बम गाजला तर बहिणीला विसरला काय?’ तेवढं मी त्याला दाखवलं नाही. संग्राम तुम्हाला विसरलेला नाही, ताई.

कपाळावर केसांचा कोंबडा काढलेला फोटो त्याने पहिल्यांदा पाठवला तेव्हा तुम्ही घाबरून मला विचारलं होतं, नोकरी गेली का याची? नोकरी शाबूत होती. आठवडाभर डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या ऑफिसात सॉफ्टवेअर आणि शनिवारी पबमध्ये रॉकबिली. त्या सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाण्यांनी त्याला वेडच लावलं होतं. शेजारचा डेक्लन, निवृत्त बसचालक, माणसाएवढ्या डबल बासच्या तारांवर थापा मारायचा आणि आपला नागपूरचा संग्राम शब्दाच्या मधोमध उचकी लागल्यासारखा आवाज तोडून गायचा. लोक टेबलांवर चढायचे. मग लॉकडाऊन आलं. मी इथे कोविड वॉर्डात, माझ्यामुळे नवऱ्याला लागण नको म्हणून हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहिले. तो एकटा क्लोनडॉकिनला. त्या एकटेपणात त्याने आणि डेक्लनने एका मित्राच्या स्टुडिओत अंतर ठेवून सगळा अल्बम रेकॉर्ड केला. व्हिडिओ कॉलवर त्याचा आवाज बसलेला वाटायचा. ‘दिवसभर गातोय गं, दुसरं काय होणार,’ म्हणायचा, आणि मलाही ते पटायचं.

फेब्रुवारीत अल्बम आला आणि जे झालं ते तुम्ही तिथून पाहिलंतच. डब्लिनच्या एका वर्तमानपत्राने पाचपैकी पाच तारे दिले. रेडिओवाले दिवसाला दोनदा वाजवू लागले. सगळ्यात गाजलं ते तुमचं गाणं, ‘उल्काज लुना’. नागपूरच्या उन्हात तुम्ही त्याला लुनावर मागे बसवून शिकवणीला सोडायचात, ते. इकडच्या समीक्षकाने लुना म्हणजे चंद्र समजून चांदण्यावर अर्धा परिच्छेद लिहिला तेव्हा आपण तिघं फोनवर किती हसलो होतो! आणि शेवटच्या कडव्यात तुमचं नाव घेताना त्याचा आवाज फुटतो आणि तो ओढून श्वास घेतो, त्या जागेवर तर सगळे फिदा. ‘या एका श्वासात माणसाचं सगळं घर आहे,’ असं कुणीतरी लिहिलं. तुम्हीही नातेवाइकांना सांगत होतात, माझं नाव घेताना रडला माझा भाऊ.

मी ते गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं ते ड्यूटी संपल्यावर, गाडीत. त्याआधी फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर कानावरून गेलं होतं, तेवढंच. गाडीत आवाज मोठा केला. ते शेवटचं कडवं आलं आणि मी सरळ बसून कान लावला. ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाचा श्वास कसा आत जातो ते ऐकणं हेच माझं काम. ती उचकी नव्हती आणि रडणंही नव्हतं. श्वासनलिका बाहेरून दाबली जात असली की श्वास असाच शीळ घालत आत जातो. मी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. बाहेर पार्किंगमध्ये एक नर्स थांबून काचेतून विचारत होती, ‘आर यू ग्रँड, डॉक्टर?’ म्हणजे, ठीक आहात ना?

तशीच निघाले. वाटेत लॉकडाऊनच्या नाक्यावर गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, अडवलं, कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, पेशंटकडे. संग्रामने दार उघडलं तेच शर्टाची कॉलर वर करून. ती त्याची स्टाइल, सगळ्या फोटोंत तशीच. मी वरचं बटण काढलं. गळ्याच्या खालच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. त्याला माहीत होती. ‘अल्बम होऊ दे, मग दाखवतो म्हटलं,’ असं हळूच म्हणाला, आणि मग, ‘तुला कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, ‘तूच. रेडिओवर.’

थायरॉइडचा कॅन्सर निघाला. डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलच्या सर्जनने स्वच्छ सांगितलं, गाठीने आवाजाच्या नसेला वेढा घातलाय, नस वाचेलच असं नाही. त्याच आठवड्यात टीव्हीवर गायचं बोलावणं आलेलं. ‘महिनाभर थांबता येईल?’ संग्रामने विचारलं. सर्जन माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, याला श्वास घेता यायला हवा, गाणं नंतर बघू. संग्राम माझ्यावर फार चिडला. घरी आल्यावर मात्र त्याने स्वतःच टीव्हीवाल्यांना नकार कळवला.

एप्रिलच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी त्याने तुम्हाला फोन केला होता, आठवतं? लुना कधी विकली, तिचा रंग कोणता होता, पंक्चर झाली की कोण ढकलायचं, असं काहीबाही विचारत राहिला. शेवटी कुकर लावायचाय म्हणून तुम्ही फोन ठेवलात. ऑपरेशनचं तो तुम्हाला स्वतःला बरं वाटल्यावर सांगणार होता. पण तो शुद्धीवर येऊन सावरेपर्यंत राजीवराव हॉस्पिटलमध्ये होते. ‘ताईला आत्ता कळता कामा नये,’ असं त्याने कागदावर लिहून माझ्याकडून कबूल करून घेतलं.

गाठ पूर्ण निघाली आहे. पुढचे उपचारही झाले, स्कॅन स्वच्छ आहे. तो जेवतो, फिरतो, अंगणातल्या अंगणात डेक्लनच्या बासबरोबर गिटार वाजवतो. नस मात्र कापावी लागली. अल्बमला कसलंसं नामांकन मिळालंय. रेकॉर्ड कंपनीवाले विचारतात, दुसरा अल्बम कधी, आणि त्यात तसाच श्वास असेल ना? त्यांना काय उत्तर द्यायचं ते त्याचं तो ठरवील.

तुम्हाला लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दोन महिने तो बोलण्याचे व्यायाम करतोय, फक्त तुमच्याशी बोलायचं म्हणून. या रविवारी, तुमचा सकाळचा चहा झाला की तो फोन करणार आहे. स्क्रीनवर नाव त्याचं दिसेल, पण आवाज ओळखीचा वाटणार नाही. खरखरीत, अर्धा हवेचा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा वाटेल. ताई, दुसऱ्याच कुणी फोन लावलाय असं समजून ‘जरा संग्रामला द्या’ असं तेवढं म्हणू नका. तो संग्रामच असेल.

तुमचीच,
शर्वाणी