सही क्रमांक सत्याऐंशी

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी,
शहर बस विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : वरच्या चौकातला बसथांबा पुन्हा खालच्या वस्तीत नेण्याबाबत, व त्याआधी एका कबुलीबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच मागील वर्षीचा दोनशे बारा सह्यांचा अर्ज. २) आपले पत्र : "थांबा लोकांच्या मागणीवरूनच हलवला आहे."

महोदय,

१. अर्जदार धंद्याने शिंपी असून वरच्या चौकात त्याचा एक गाळा आहे. सध्याचा थांबा बरोबर त्याच्यासमोर आहे. पूर्वी तो एकशे चाळीस पायऱ्या खाली, वस्तीच्या तोंडाशी होता. त्या वस्तीत अर्जदाराची थोरली बहीण राहते. आई गेल्यावर तिनेच अर्जदाराला लहानाचे मोठे केले. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती.

२. महापालिकेच्या निवडणुकीआधी आमच्या प्रभागाचे सध्याचे मा. सदस्य शर्टाचे माप द्यायला दुकानात आले. हात पसरून उभे असतानाच म्हणाले, "मास्तर, मतं केंद्रवार मोजतात. कुठल्या चौकानं किती दिली ते मला कळतं. तुमच्या केंद्रावर आघाडी द्या, थांबा तुमच्या दारात आणतो. खालच्यांनी माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या नर्सबाईंना मत द्यायचं ठरवलंय." अर्जदाराने विचारले, "मग खालच्यांनी जायचं कसं?" त्यावर ते हसले. "मत न देताही थांबा मिळाला, तर पुढच्या वेळी मला मत कोण देईल?" अर्जदाराला हे म्हणणे त्या वेळी अगदी रास्त वाटले, हे लिहिताना लाज वाटते. बसमधून उतरणारा माणूस समोर दुकान बघेल, निदान तुटलेली चेन तरी बदलून घेईल, एवढाच त्याचा विचार होता.

३. अर्जदार दारोदार फिरला व आघाडी मिळाली. नंतर सदस्यांनी सांगितले की थांब्याच्या अर्जावर मागणी दोन्हीकडची दिसायला हवी, खालची निदान एक तरी सही पाहिजे. खाली कोणी दारात उभे करीना. तेव्हा सही क्रमांक ८७ अर्जदाराने आपल्या हाताने केली. ती बहिणीच्या नावाची आहे. सही कशी करायची हे तिला अर्जदारानेच शिकवले होते, त्यामुळे हुबेहूब जमली.

४. थांबा हलला. पहाटेच्या पाळीसाठी बहीण पायऱ्या चढू लागली. एके दिवशी ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला व उजवे मनगट मोडले. चादरी पिळणे होईना, म्हणून काम सुटले. तेव्हा ती आपल्या कार्यालयात तक्रार घेऊन आली. आपल्या लिपिकांनी सह्यांची यादी पुढे केली : "बाई, मागणी तुमचीच आणि तक्रारही तुमचीच? सही खोटी असेल तर तसं लिहून द्या, करणाऱ्यावर गुन्हा दाखल करू." बहीण बराच वेळ यादीकडे पाहत राहिली, असे लिपिकांनीच त्याच दिवशी अर्जदाराला सांगितले. मग म्हणाली, "माझीच आहे. विसरले होते." आणि तक्रार मागे घेऊन निघून गेली.

५. अर्जदार त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेला. ती डाव्या हाताने भांडी विसळत होती. "जेवून आलास का?" एवढेच तिने विचारले. अर्जदार "हो" म्हणाला, तेही खोटेच. सहीचा विषय तिने काढला नाही आणि अर्जदाराची जीभ रेटली नाही. हल्ली मनगट दाखवायला इस्पितळात जायचे असले की ती पायऱ्या चढून येते, पण दुकानासमोर थांबत नाही. मान खाली घालून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते. अर्जदार तेव्हा मशीनवर वाकून बसतो, हातात कापड नसले तरी.

६. थांबा परत नेण्यासाठी अर्जदाराने वरच्या चौकात पुन्हा सह्या मागितल्या. एकही मिळाली नाही. किराणा दुकानदार म्हणाले, "आता कुठे गटाराचं काम मंजूर होतंय, सदस्यांना कशाला दुखावतोस?" मतांसाठी फिरताना अर्जदार स्वतः हेच बोलत होता. सदस्यांनाही तो भेटला. ते रागावले नाहीत. "खालच्यांना सांगा, अजून चार वर्षं आहेत. विचार बदलायला वेळ भरपूर आहे," एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. अर्जदाराने तो घेतला, हेही नमूद करतो.

७. तरी विनंती की, सही क्र. ८७ खोटी ठरवून यादीतून काढावी. पडताळणीत शंका राहू नये म्हणून तीच सही कोऱ्या कागदावर तीनदा करून सोबत जोडली आहे. गुन्हा अर्जदारावर नोंदवावा. "माझीच आहे" हे बोलणे बहिणीच्या अंगाशी येऊ देऊ नये. तिची मागे घेतलेली तक्रार पुन्हा दाखल करून घ्यावी आणि थांबा खाली न्यावा. यापुढे सर्व केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजावीत, म्हणजे कुठल्या गल्लीने काय केले हे कोणालाच कळणार नाही, असेही अर्जदाराला वाटते. ते आपल्या अखत्यारीत नाही, हे ठाऊक आहे. कुठे लिहावे एवढे कळवले तरी उपकार होतील.

८. बहिणीला या अर्जाची कल्पना नाही. कृपया तिला टपालाने प्रत पाठवू नये. तिला स्वतःच्या नावापलीकडे फारसे वाचता येत नाही. पत्र आले की ती अर्जदाराकडेच घेऊन येत असे, आता कोणाकडे नेईल कोण जाणे. पोच हातात पडताच अर्जदार पायऱ्या उतरून तिच्या घरी जाईल आणि हा अर्ज पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवेल. म्हणून पोच आज दुपारपर्यंतच मिळावी. संध्याकाळपर्यंत धीर टिकेल याची अर्जदाराला खात्री नाही.

सोबत : सहीचा नमुना, एक पान.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
शिंपी, वरचा चौक

दिनांक : ९ नोव्हेंबर, सकाळी कार्यालय उघडताना