देवळीच्या पुढं

९ मे १९९३, कळस
शाळेला सुट्टी. शोभाला घेऊन बारामतीहून सासुरवाडीला आलो. विहीर खूप खाली गेलीय, पाण्यातल्या कपारीचं तोंड वरून दिसतं. मेव्हणा अनिल बंदरात जहाजांखाली बुडी मारायचं काम करतो, तो हवेची टाकी घेऊनच सुट्टीवर आलाय. तात्या, माझे सासरे, तरुणपणी नुसता दम धरून कपारीत जायचे. आतल्या पहिल्या पोकळीला ‘देवळी’ नाव त्यांचंच. पुढं कुणी गेलेलं नाही.

१० मे
अनिल कमरेला दोर बांधून उतरला, वरचं टोक मी धरलं. देवळीच्या पुढं इतकं अरुंद की अनिलची टाकी खडकाला घासली. वर येऊन म्हणाला, सुईचं नेढं. पलीकडं मोठी पोकळी, वर हवा, डोकं बाहेर काढता येतं. शोभाला हा उद्योग पसंत नाही. तरी भाकरी थापताना म्हणाली, "मग माजघर म्हना की त्याला." पडलं नाव.

११ मे
अनिल पुन्हा आत गेला. दोर एकाएकी सैल पडला. हिसका दिला, उत्तर नाही. ओढला तर मोकळंच टोक हातात. पाणी गढूळ. तात्या काठावर. मी सदरा काढला. देवळीपर्यंतही माझा दम पुरणार नाही हे ठाऊक होतं. शोभा मळ्यातून पळत आली, माझा दंड धरून उभी राहिली.

मग बुडबुडे. मग अनिल.

दोर नेढ्यात अडकायला लागला म्हणून त्यानंच कमरेचा सोडला. गाळ उठला, भिंत चाचपत आला. शोभानं त्याला टॉवेल दिला अन् घरात गेली.

१३ मे
अनिलची रजा संपत आली. टाकीत थोडी हवा आहे. माजघराच्या मागच्या अंगाला गार पाणी लागतं, तिथं वाट असणार म्हणतो. मी नको म्हणालो. तात्या म्हणाले, कपार मीच दावली, आता कुठल्या तोंडानं अडवू? शोभा ताटं उचलत होती.

"जा. पर दोर मी धरनार. सोडलास तर मी आत येनार."

अनिल हसला. ती नाही.

१४ मे, सकाळ
शोभा सगळ्यांच्या आधी उठलीय. साडी नाही, जुना पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय. केस घट्ट बांधलेत. पोहायला ती याच विहिरीत शिकली, अनिलच्याही आधी.

ती अन् अनिल विहिरीकडं पुढं निघालीत. माजघराच्या पलीकडच्या जागेला काय नाव द्यायचं, तो विषय आज कुणीच काढत नाही.