आवसेच्या संध्याकाळचं पाणी

वाघळीखार
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५४

नामा भावजींना सगुणावयनीचे आशीर्वाद. रागावलेल्या माणसाला आशीर्वाद लागत नसतील तर पाकिटातच ऱ्हाऊ द्या, कोकिळेला लागतील.

हिकडं सगळी खुशाल. तुमची शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. एक तर थेट तुमच्यावर गेलंय. कुणी चार शब्द बोललं की कान पाडतं आन् तोंड फिरवतं. मी त्याला भावजीच म्हणते. सोबत सुकट पाठवलीय, ती तुमच्यासाठी न्हाय, कोकिळेसाठी. सहावा लागला ना तिला? जड उचलू देऊ नका. पाणी तुमी भरा, गोदीत गोणी उचलता तर घरात हंडा उचलायला काय लाज!

त्या दिवशी तुमी ओट्यावर उभ्याउभ्या बोललात, "वयनी, येसाजीवर खोटी साक्ष दिलीस तर ह्या घरचं पाणी पिणार न्हाय," आन् तसेच जाऊन बोटीत बसलात. बोंबलाचं कालवण केलं होतं. मांजरीनं खाल्लं. तिला काय, तिला कुणाची शपथ न्हाय.

आता कोर्टात काय झालं ते ऐका. गावात दहा तोंडं दहा गोष्टी सांगतात. मुंबईला पोचेपातूर दादूमामानं मॅजिस्ट्रेटची खुर्ची उलटी केली, असं होईल. मी तिथं होते, म्हणून लिहिते.

बांध कसा फुटला ते तुमी जाणता. सर्वपित्री आवस, भर दुपार, उधाणाची भरती आन् सगळा गाव पानावर. बांधावर एकटा राखणदार, दादूमामा. कुर्ल्यांनी बांध पोखरलाय, माती टाका, असं त्यानं पावसाळ्यात तीनदा खोताला सांगितलं होतं. खोतानं टाकली न्हाय. मग खारं पाणी भातात शिरल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर पाह्यजे. येसाजीनं श्रावणात वेठीला जायला नकार दिला होता, त्याचं डोकं हातासरशी सापडलं.

पण दुपारी येसाजी आपल्या अंगणात पितरांची पानं वाढत होता. अकरा माणसं जेवत होती. मग खोताच्या दिनानाथ कारकुनानं काय करावं? बांध उचलून संध्याकाळवर नेला! "दिवेलागणीला येसाजी भरल्या पाण्यातून होडी घेऊन आला आन् कुदळीनं बांध फोडला." कारकून घाटावरचा. त्याला वाटतं समुद्र म्हंजे गावची विहीर, कधी पण वाका, पाणी हायच.

ह्या गोष्टीला दोन साक्षीदार शिकवून तयार केले. एक दादूमामा. दुसऱ्याचं मागनं सांगते.

दादूमामाला म्हणाले, "तू राखणदार, बांध फुटला म्हंजे तूच आत जाशील, न्हायतर येसाजीचं नाव घे." बिचाऱ्यानं घेतलं. आश्विनात मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगून अंगठा देऊन आला. त्या दिवसापासनं मामा कुणाच्या ओट्यावर बसला न्हाय. येसाजीची सोनाबाई पाण्याला जाताना दिसली की हा वाट सोडून चिखलात उतरायचा. सत्तर वर्सांचा म्हातारा!

गेल्या सोमवारी खटला उभा ऱ्हायला. मामा पिंजऱ्यात गेला. धोतर फाटकं, पण धुतलेलं. खोताच्या वकिलानं इचारलं, "आवसेच्या संध्याकाळी तू काय पाहिलंस?"

मामा बोलला, "चिखल."

सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट म्हणाला, "नीट सांग."

"नीटच सांगतो, सायेब. भरतीची वेळ काढायला आमच्यात तिथीला पाऊण करतात. आवस म्हंजे पंधरा, पंधराचे पाऊण सव्वाअकरा. त्या सुमाराला भरती. पुढं सहा तासांनी पार सुकती. दिवे लावायच्या टायमाला खाडीत पाणी न्हाय, मांडीएवढा चिखल. होडी आणायची तर येसाजीनं डोक्यावर घेऊन आणली पाह्यजे."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात न्हाय, खाडीत हाय. माणूस धाडा, बघून येईल."

मॅजिस्ट्रेट देशावरचा, पण कान देऊन ऐकणारा. त्यानं लिहून घेतलं. मग वकील उठला. हातात आश्विनातला कागद. "हा अंगठा तुझा?"

"माझा."

"ह्यात तू येसाजीला पाहिलं म्हणतोस. दोन्ही वेळा शपथ घेतलीस. दोन्हीतलं एक खोटं. खोट्या शपथेला सात वर्सांपातूर कैद हाय, ठावूक हाय का?"

भावजी, मी त्या म्हाताऱ्याकडं बघत होते. पिंजऱ्याचं लाकूड धरून उभा होता. पण आवाज कसा, समोरच्या तीरावर हाक मारतो तसा. म्हणाला, "पहिलं खोटं. मीच बोललो. भ्यालो म्हणून बोललो. बांध भर दुपारी आपसुक फुटला, म्या पाह्यला. राखणदार मी, गुन्हा माझ्यावर घाला. पण येसाजीला घरी धाडा, त्याची पोरं ल्हान हाईत."

तिकडं आरोपीच्या पिंजऱ्यात येसाजी रडायला लागला. खोताकडच्या माणसांनी पण माना खाली घातल्या. कितीक शूर माणसांच्या गोष्टी ऐकल्या, पण असलं शूर माणूस म्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाह्यलं. आन् ते आपल्या गावात नाक शिंकरत हिंडत होतं, कुणाला पत्ता न्हाय!

तुमी म्हणाल, मग येसाजी सुटला ना?

न्हाय सुटला. मॅजिस्ट्रेट म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याचे दोन जबाब दोन तऱ्हांचे. पण दुसरी साक्ष आज सकाळीच झालीय, ती ठाम हाय." पुढच्या सोमवारची तारीख दिली. ती साक्ष उभी ऱ्हायली तर येसाजी जाईल, आन् मामाच्या दुपारच्या खऱ्यालाच खोटं ठरवून त्याला बी आत घालतील.

आता दुसऱ्या साक्षीदाराचं. तुमी वळखलंच असेल.

माझं घर खोताच्या जाग्यात. हयात असताना तुमच्या भावानं सोताच्या हातानं भिंती घातल्या, ते तुमी बघितलंय. कारकून म्हणाला, साक्ष न्हाय तर घर न्हाय. मी व्हय म्हटलं. पण भावजी, तुमची वयनी काय साधी हाय का! कारकुनानं ती भरल्या पाण्याची गोष्ट शिकवली तेव्हा मला हसू आवरेना. मनात म्हटलं, सगुणा, ही चूक सांगूच नको. जशीच्या तशी बोल. खाडीकाठचं शेंबडं पोर पण म्हणेल की आवसेच्या संध्याकाळी पाणी कुठलं. साक्ष आपसुक बुडेल, येसाजी सुटेल, माझं घर ऱ्हाईल, आन् कारकुनाचं तोंड बघण्यासारखं होईल. लय हुशारी वाटली. त्या दिवशी ओट्यावर तुमी वरडत होतात, तेव्हा मी मनातल्या मनात हसत होते.

मग मी शपथ घेतली आन् बोलले, "पाणी काठोकाठ होतं, होडी डुलत होती." होडी डुलत होती, हे माझ्या पदरचं. मला वाटलं आता हशा होईल. कुणी हसलं न्हाय. मॅजिस्ट्रेट देशावरचा, वकील देशावरचा, लिहिणारा देशावरचा. "होडी डुलत होती" हे सुद्धा लिहून घेतलं. येसाजी वरडला, "सगुणावयनी, पाणी कुठं होतं गं?" शिपायानं त्याला गप बसवलं. मी खाली उतरून बाकड्यावर बसले. माझी हुशारी शुद्ध खोटी साक्ष होऊन बसली. मग दुपारी मामा उभा ऱ्हायला.

परत येताना तरीच्या होडीत मामा माझ्याच समोर. मला वाटलं आता थुंकेल. तो म्हणाला, "सगुणा, उन्हात बसलीस, हिकडं सर."

मी इचारलं, "मामा, भीती न्हाय वाटली?"

"वाटली तर! दोनदा लघवीला जाऊन आलो."

मी हसले आन् मग लय रडले, तरीवाला अंबाजी वल्ही थांबवून बघत ऱ्हायला.

काल कारकून आला होता, सोमवारी परत बोलावलं तर काय बोलायचं ते घोकून घ्यायला. मी म्हटलं, "कारकूनदादा, ह्या वेळी मी तुमाला शिकवते. पंधराचे पाऊण किती?" त्याला जमलं न्हाय. मग सरळच सांगितलं की मी खरं बोलणार हाय. तो म्हणाला, "घर बी जाईल आन् तू बी जाशील." खोटं न्हाय बोलला, पहिल्यांदाच.

सोमवारी मी सोताहून पिंजऱ्यात उभी ऱ्हाणार. मामासारखा आवाज माझा फुटेल की न्हाय, ठावूक न्हाय. कैद किती होईल ते मॅजिस्ट्रेट जाणे. तुमी येऊ नका, कामाला खाडा करू नका, कोकिळेला एकटं ठेवू नका. घर खोत घेईल, तर तुमच्या भावानं बसवलेलं दार तेवढं काढून न्या. शेळी सोनाबाईच्या पोरांना सांगितलीय. त्या घरात मी साक्षीपासनं तोंड दाखवलं न्हाय. शेळी बांधायला म्हणून आज जाईन.

मला शाबासकी देऊ नका. ती दादूमामाची, सगळीच्या सगळी.

आज शनवार, म्हंजे अजून दोन दिस खोटी साक्षीदारीण,
तुमची वयनी
सगुणा