दूध उतू गेलं नाही

मंगळवार, दिवेलागण. सिंधीपुरा.

लगेच लिहून ठेवते.

आम्ही बाजारोबाजारी जादूचे खेळ करायचो, पण आमच्या घराण्याची जादू खरी होती. धाकटा भाऊ वसंता हवेत नाहीसा व्हायचा आणि मी हाक मारली की परत यायचा. बाबांचं एकच सांगणं, "हाक भिऊन मारायची नाही. घरात ओरडतेस तशी मार." पण मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणाल्या, हे पाप आहे. त्याच आठवड्यात, देडतलाईच्या बाजारात, माझी हाक रडवेली निघाली. वसंता आला नाही. मग सगळ्यांच्याच मनात भीती बसली आणि घरातली जादू गेली. आता ती माणसंही नाहीत. मी मात्र रोज हाक मारते, तशीच रडवेली.

आज गच्चीवर कपडे काढताना गॅसवरचं दूध आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "वश्या, गाढवा, दूध बघ!"

शेजारची रेखा कठड्यावरून हसली. "ताई, कोणाला आवाज देऊन राहिल्या? घरात तर तुम्ही एकट्याच!"

धावत खाली आले. पातेल्याच्या काठाला सायीची रेघ, बाहेर थेंब नाही. गॅस बंद. मी केला नव्हता. नक्की नव्हता?

लगेच "वसंता" म्हटलं, तर आवाज पुन्हा रडवेला. कोणी नाही.

म्हणून दूध परत गॅसवर ठेवलंय आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून लिहीत बसले आहे. दुधाचं विसरायला हवं. विसरले, तरच नीट ओरडता येईल.